मटकीवर मॅरेथॉन

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

पळणाऱ्या माणसाला आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, ‘गुडघे दुखत नाहीत का?’ आणि दुसरा, ‘खाता काय हो?’ पहिल्या प्रश्नाला मी हसून वेळ मारून नेते. दुसऱ्याबद्दल मात्र आज जरा सविस्तर बोलायचं आहे. नाशिकमध्ये पळणारे जसे वाढले, तशी या प्रश्नाची उत्तरंही वाढली. पहाटे साडेपाचला गोल्फ क्लबवर या (पाटीवर हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान असं असलं तरी नाशिककरांच्या तोंडी गोल्फ क्लबच), कृषीनगरच्या ट्रॅकवर या किंवा गंगापूर रोडने सोमेश्वरकडे जा. पळणाऱ्यांचे घोळके दिसतील. त्यात एक जण संध्याकाळी सातनंतर पाण्याशिवाय काही घेत नाही, दुसरा सकाळी कॉफीत तूप घालून पितो, तिसरा रोज सहा अंडी खातो आणि ती मोजून सांगतो. आणि यात आता आणखी एक पंथ आला आहे, कच्चं खाणाऱ्यांचा.

कच्चं खाणं म्हणजे चूल पेटवायचीच नाही. फळं, काकडी-गाजर-मुळा, पालेभाज्या, भिजवलेले शेंगदाणे, बदाम, खजूर, ओलं खोबरं आणि मोड आलेली कडधान्यं. पोळी, भात, भाकरी, वरण सगळं बंद. निसर्गोपचारवाले याला अपक्वाहार म्हणतात. त्यांचं म्हणणं असं की, शिजवलं की अन्नातला जीव जातो, जीवनसत्त्वं जातात आणि शरीराला जडपणा येतो. पळणाऱ्याला जडपणाचं वावडं, त्यामुळे हा विचार आमच्या गटात लवकर रुजला. एका तरुण इंजिनिअरने सुरुवात केली, महिन्यात चार किलो उतरला, दहा किलोमीटरची वेळ तीन मिनिटांनी कमी केली. मग काय विचारता! आठवडाभरात आणखी पाच जणांच्या डब्यात मटकी आली.

मी कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षं गृहविज्ञान शिकवलं. अन्न शिजवताना त्याचं काय होतं, हा माझा रोजचा धडा. पळायला लागले ती पन्नाशीच्या तोंडावर. तेव्हा या दोन्ही गोष्टी एकत्र आल्यावर गप्प बसणं मला शक्यच नव्हतं. मी ठरवलं की, दहा आठवडे स्वतः करून बघायचं, वहीत रोज लिहायचं आणि आधी व नंतर रक्त तपासून घ्यायचं. जानेवारीतल्या मुंबईच्या अर्धमॅरेथॉनची तयारी ऑगस्टपासून सुरू होणार होती, त्यामुळे मुहूर्तही बरा होता. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘म्हणजे रोजचीच एकादशी म्हण की, आणि तीही खिचडीशिवाय!’

पहिले दोन आठवडे खरंच छान गेले. ऑगस्टचे दिवस, बाजारात काकड्या, केळी, पेरू, सीताफळं येऊ लागलेली. दुपारी जेवल्यावर येणारी सुस्ती गेली. वजन दीड किलोने उतरलं. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची फेरी असते. कुशावर्तावर स्नान करून माणसं रात्रीच निघतात, पावसात, चिखलात, कित्येक जण अनवाणी. साधारण वीस किलोमीटरचं ते अंतर मी केळी, खजूर आणि भिजवलेल्या शेंगदाण्यांवर आरामात चालले. सोबतच्या बायकांचे उपास होतेच, त्यामुळे माझं खाणं कुणाला वेगळं वाटलंही नाही. आपल्या उपासाच्या चालीत फळं आणि दाणे यांना आधीपासून जागा आहे.

पण चालणं आणि पळणं यांत फरक आहे, आणि तो नुसता वेगाचा नाही. सावकाश चालताना शरीर बरीचशी ऊर्जा साठवलेल्या चरबीतून घेतं आणि चरबी तर किडकिडीत माणसाकडेही मुबलक असते. वेग वाढला की स्नायूंना साखर लागते. ती यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असते, साधारण चारशे ते पाचशे ग्रॅम, म्हणजे दोन हजार कॅलरींच्या आसपास. एक किलोमीटर पळायला, वजनाच्या दर किलोमागे ढोबळमानाने एक कॅलरी लागते. माझं वजन ५८ किलो. म्हणजे वीस किलोमीटरला साडेअकराशेच्या वर कॅलरी गेल्या. घरातलं नेहमीचं काम, चालणं-फिरणं, श्वास घेणं यांचे अठराशे वेगळे. म्हणजे लांब पळायच्या दिवशी मला जवळपास २९०० कॅलरी हव्यात.

आता हा हिशेब कच्च्या अन्नाने भरून बघा. मोड आलेले मूग शंभर ग्रॅम खाल्ले तर मिळतात तीसेक कॅलरी. मोडात पाणीच जास्त, म्हणून. एक किलो मोड चघळत बसले तरी तीनशे. काकडी, टोमॅटो, पालक यांचं तर नावच नको. उरलं काय, तर केळी, खजूर, शेंगदाणे आणि खोबरं. एका रविवारचा माझ्या वहीतला हिशेब वाचून दाखवते. दहा केळी, दीडशे ग्रॅम शेंगदाणे, दीडशे ग्रॅम खजूर, साधारण तेवढंच ओलं खोबरं, दोन वाट्या मोड, एक पेरू आणि एक संत्रं. तेव्हा कुठे २९०० चा आकडा गाठला. त्यात तंतू, म्हणजे चोथा, सत्तर ग्रॅमच्या आसपास. नेहमीच्या जेवणात तीस-चाळीस ग्रॅम पुरे मानतात. याचा परिणाम पोटावर काय होतो हे रविवार पुरवणीत फार खोलात जाऊन सांगता येणार नाही. एवढंच सांगते की, पांडवलेणीच्या रस्त्यावर पळताना मला कुठे कुठे सार्वजनिक स्वच्छतागृह आहे याची फार चांगली माहिती झाली.

दुसरी अडचण म्हणजे वेळ. चावायला वेळ लागतो हो! पोळी-भाजीचं जेवण पंधरा मिनिटांत उरकतं. इथे दिवसाला दोन-अडीच तास तोंड चालू. माणूस माकडांपासून वेगळा झाला तो आगीमुळे, असं हार्वर्डचे मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड रँगम मांडतात. २००९ साली त्यांचं यावर पुस्तकच आलं. चिंपांझी दिवसाचा मोठा भाग नुसतं चघळण्यात घालवतात. अन्न शिजवून मऊ केल्यामुळे माणसाचा तो वेळ वाचला, दात आणि आतडी लहान झाली आणि उरलेली ऊर्जा मेंदूकडे गेली, असा त्यांचा तर्क आहे. सगळ्या शास्त्रज्ञांना तो पटलेला नाही. पण दिवसाची सातवी केळी सोलताना मला मात्र तो पुरता पटला होता.

शिजवल्याने काही जीवनसत्त्वं कमी होतात, हे खरंच आहे. ‘क’ जीवनसत्त्व उष्णतेने आणि पाण्याने जातं, हे आम्ही मुलींना पहिल्याच महिन्यात शिकवायचो. पण शिजवल्याने मिळतंही पुष्कळ. धान्यातला स्टार्च कच्चा असताना घट्ट कणांमध्ये बंद असतो, आपल्या पाचक रसांना तो नीट फोडता येत नाही. पाण्यात उकळला की कण फुगतात, फुटतात आणि मग पचतात. प्रथिनांचंही तसंच. आमच्या गटातले एक गृहस्थ, तालमीतल्या जुन्या सवयीने, कच्ची अंडी दुधात फेटून प्यायचे. बेल्जियममधल्या संशोधकांनी १९९८ साली मोजून पाहिलं, तर शिजवलेल्या अंड्यातली नव्वद टक्के प्रथिनं पचली आणि कच्च्यातली जेमतेम पन्नास टक्के. म्हणजे दोन अंड्यांचे पैसे देऊन एकच पदरात.

काही गोष्टी तर कच्च्या खायच्याच नसतात. राजमा भिजवून, मोड आणून कच्चा खाल्ला तर चार-पाच दाण्यांनीही उलट्या होऊ शकतात. त्यातलं विषारी द्रव्य खळखळून उकळल्यावरच जातं. मोड आलेल्या ज्वारीच्या कोंबात सायनाइड तयार होऊ शकतं. कोवळी ज्वारी खाऊन जनावरं दगावतात हे आपल्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, पण शहरातल्या पळणाऱ्याला ते कोण सांगणार? मुगा-मटकीचे मोड त्या मानाने निर्धोक, पण तेही जपून. ओल्या फडक्यात, उबेत, दोन दिवस ठेवलेलं कडधान्य ही जंतूंनाही आवडणारी जागा आहे. २०११ साली जर्मनीत मेथीच्या मोडांमधून ई. कोलाय जंतूंची साथ पसरली, साडेतीन हजारांहून जास्त माणसं आजारी पडली आणि पन्नासच्या वर दगावली. मोडांवर एक वाफ काढा म्हणून आपल्या आज्या सांगायच्या, ती वाफ काही वेड्यासारखी नव्हती. वैद्य मंडळीही कच्चे मोड पचायला जड आणि वातूळ मानतात. या एका मुद्द्यावर आज्या, वैद्य आणि जंतुशास्त्रज्ञ तिघांचं एकमत आहे, आणि असं फार क्वचित होतं.

कच्च्या आहाराचा विषय निघाला की कुणीतरी गांधीजींचं नाव घेतंच. घ्यावंच, पण पूर्ण घ्यावं. गांधीजींनी १८९३ साली प्रिटोरियात असताना न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला आणि दोन आठवड्यांच्या आत सोडून दिला. पुढे १९२९ मध्ये साबरमती आश्रमात पुन्हा केला, या वेळी सहकाऱ्यांसह. रोज आठ तोळे मोड आलेले गहू, आठ तोळे बदाम वाटून, आठ तोळे पाला, सहा लिंबं आणि थोडा मध, असं त्यांचं प्रमाण त्यांनी स्वतःच छापून कळवलं होतं. मी त्याचा हिशेब केला. हजार कॅलरींच्या आसपास भरतो. साठीला आलेल्या सडपातळ माणसालाही तो तोकडाच. शेवटी ऑगस्टमध्ये त्यांना आमांशाने गाठलं, प्रयोग थांबवावा लागला आणि ते दही-दुधाकडे वळले. तेही त्यांनी लपवलं नाही. १९४६ साली पुण्याजवळ उरुळीकांचनला त्यांनी निसर्गोपचाराचं काम सुरू केलं, मणिभाई देसाईंनी ते पुढे वाढवलं. पण गांधीजींचं नाव घेऊन मटकी खाणाऱ्यांना १९२९ चा शेवट सहसा माहीत नसतो.

माझ्या दहा आठवड्यांचं काय झालं? सहाव्या आठवड्यापर्यंत दहा-बारा किलोमीटर मजेत पळत होते. वजन साडेतीन किलोने उतरलं. पंधरा किलोमीटरच्या पुढे मात्र पाय उचलेनात. वहीत सातव्या आठवड्यापासून ‘थंडी वाजते’ हे शब्द वारंवार येतात, आणि तो सप्टेंबर होता! रात्री झोपेत जाग यायची, डोळ्यांसमोर बाजरीची भाकरी. रक्तातलं हिमोग्लोबिन १२.४ वरून ११.७ वर आलं. दही मी सोडलं नव्हतं. दूध तापवून लावलेलं दही कच्च्या आहारात बसतं की नाही यावर आमच्या गटात दोन तट पडले होते, मी त्या वादात न पडता रोज एक वाटी खात होते. ठरल्याप्रमाणे दहा आठवड्यांनी थांबले आणि सासूबाईंच्या हातचा मुगाचा मऊ भात खाल्ला. खर्चाचं म्हणाल तर माझ्या एकटीच्या खाण्याला घरच्या जेवणाच्या अडीचपट पैसे लागले. गॅस काही वाचला नाही, घरातल्या बाकीच्यांसाठी स्वयंपाक होताच.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं आहे. माझ्या वयाची बाई दहा आठवडे कमी जेवली तर फारसं बिघडत नाही. ज्यासाठी मी हा विषय घेतला, ते आता सांगते.

आमच्यासोबत कधीकधी एक मुलगी पळायची. अकरावीत, पेठ तालुक्यातल्या पाड्यावरची, शिकायला म्हणून नाशिकला राहिलेली. पाच हजार मीटर आणि क्रॉसकंट्री पळायची. कशी पळायची म्हणून सांगू! आम्ही धापा टाकत असू आणि ती बोलत बोलत पुढे जायची. आमच्या घोळक्यातल्या कुणीतरी तिला कच्च्या आहाराचा कागद लिहून दिला. तिने तो तंतोतंत पाळला, फक्त बदाम आणि खजूर तिला परवडत नव्हते. म्हणजे उरलं काय? मोड, काकडी, टोमॅटो, एक-दोन केळी. मेसमधला भात-आमटी ती मैत्रिणींना द्यायची. पहिले दोन महिने ती आणखी वेगात पळाली. मी भेटले की म्हणायची, ‘बाई, अंग कसं पिसासारखं हलकं वाटतं.’

पाचव्या महिन्यात ती लंगडत आली. नडगीचं हाड दुखत होतं, बोट ठेवलं तरी कळवळायची. मी तिला बाजूला घेऊन विचारलं, ‘अगं, पाळी नीट येते ना?’ ती खाली बघून म्हणाली, ‘चार महिने नाही आली, बाई. बरंच आहे की, पळायला सोपं जातं.’ तिने ते कुणालाच सांगितलं नव्हतं. घरी सांगायचं तर आई घाबरेल, आणि मैदानावर सांगायचं कुणाला, तिथे सगळे पुरुषच. डॉक्टरांनी एमआरआय काढला. हाडाला बारीक तडा होता.

यात गूढ काही नाही. शरीराकडे ऊर्जा कमी आली की ते काटकसर करतं, घरात पैसे कमी आले की आपण करतो तशीच. आधी जे खर्च पुढे ढकलता येतात ते ढकलतं. पाळी हा त्यातला पहिला. पाळी थांबली की इस्ट्रोजेन घटतं आणि हाडांची भर थांबते. आयुष्यभर पुरणारी हाडांची ठेव माणूस विशीपर्यंत बरीचशी जमवून ठेवतो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीची ही चार-पाच महिन्यांची तूट साधी नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ साली या ऊर्जेच्या तुटीवर खेळाडूंसाठी सविस्तर निवेदनच काढलं. आणि न पळणाऱ्या माणसांतही हे दिसतं. जर्मनीत दीर्घकाळ कच्चा आहार घेणाऱ्या पाचशेहून अधिक लोकांची पाहणी १९९९ साली प्रसिद्ध झाली. त्यातल्या पंचेचाळिशीच्या आतल्या बायकांपैकी सुमारे तीस टक्के जणींची पाळी अनियमित झाली होती किंवा थांबली होती. त्या बायका काही रोज पंधरा किलोमीटर पळत नव्हत्या.

त्यात आपल्याकडे रक्त आधीच कमी. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. लांब पळणाऱ्याच्या तळपायावर हजारो वेळा आदळण्यानेही थोड्या तांबड्या पेशी फुटतात, घामातूनही थोडं लोह जातं. अशा मुलीला वजन उतरवण्याचं कौतुक शिकवणं म्हणजे गळक्या हंड्याला आणखी एक भोक पाडणं.

तिची आई पेठहून आली, पाठीवर नागलीच्या पिठाचं गाठोडं घेऊन. मला म्हणाली, ‘बाई, घरी असताना ही चार भाकरी खायची व. शहरात येऊन असं काय शिकली?’ मला काही उत्तर सुचलं नाही. उत्तर त्या गाठोड्यातच होतं. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, एवढं दुसऱ्या कुठल्याच धान्यात नाही. हाडाला तडा गेलेल्या मुलीला यापेक्षा योग्य पीठ कुठून आणणार? आणि ते कच्चं खाता येत नाही.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण बघा. कविता राऊत हरसूलजवळच्या सावरपाड्याची. डोंगराळ आदिवासी भाग, नागली आणि भाताचं जेवण. नाशिकला भोसलाच्या मैदानावर विजेंदर सिंगांच्या हाताखाली ती तयार झाली. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये तिने कांस्यपदक घेतलं, धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत भारतीय स्त्रीला त्या स्पर्धेत मिळालेलं ते पहिलं पदक. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य आणि कांस्य. २०१६ मध्ये ती रिओ ऑलिम्पिकची मॅरेथॉन पळाली. तिच्यामागून संजीवनी जाधव आली, मोनिका आथरे आली. केनियाचे धावपटू जगात पुढे. २००४ साली त्यांच्या आहाराचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात तीन चतुर्थांश ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येत होती आणि मुख्य अन्न होतं उगाली. उगाली म्हणजे काय, तर मक्याच्या पिठाची घट्ट उकड! सावरपाड्याच्या आणि केनियाच्या चुलीत फारसं अंतर नाही.

म्हणून कच्चं खाऊच नये असं मी म्हणत नाही. प्रयोगातलं बरंच मी ठेवलं आहे. पिकलेल्या फळातली साखर निसर्गानेच तयार ठेवलेली असते, तिला चूल लागत नाही. पळायच्या आधी अर्धा तास एक-दोन केळी किंवा चार खजूर, याहून सोयीचं काही मला सापडलेलं नाही. जेवणात कोशिंबीर असतेच, आणि नागलीच्या भाकरीसोबत कच्चा कांदा, लिंबू किंवा आवळ्याची फोड मी चुकवत नाही, कारण त्यातल्या ‘क’ जीवनसत्त्वामुळे धान्यातलं लोह अंगी लागतं. चहा मात्र जेवणानंतर तासभर तरी नको, तो ते लोह अडवतो. मटकी आठवड्यातून तीनदा, एक वाफ काढून. नागलीचेही मोड काढावेत, सावलीत वाळवावेत, भाजून दळावेत आणि त्या सत्त्वाची आंबील करावी. लांब पळून आल्यावर ताक घातलेल्या आंबिलीचा एक मोठा पेला मला पुरतो. मुंबईला जानेवारीत मी याच खाण्यावर पळाले आणि शेवटचे पाच किलोमीटर पहिल्या पाचाच्याच वेगाने गेले.

ती मुलगी तीन महिने पळाली नाही. त्या हंगामातली राज्य पातळीची निवड हुकली. पाळी सुरू व्हायला त्याहून जास्त वेळ लागला. आता ती पुन्हा पळते, पण पूर्वीच्या वेळेला अजून पोचलेली नाही. पोचेल की नाही हे आज कुणी सांगू शकत नाही. मैदानावर मुलींना शिकवणाऱ्या सगळ्यांना माझी एक विनंती आहे. वेळेच्या वहीत एक रकाना पाळीच्या तारखेचा ठेवा आणि तो भरून घ्यायला एखादी बाई नेमा. सलग तीन महिने तो रकाना कोरा राहिला तर मुलीला आधी डॉक्टरकडे न्या, ट्रॅकवर नंतर. घरात पळणारी मुलगी असलेल्या आयांनीही हे विचारायला लाजू नये.

एक प्रश्न मला नेहमी येतो, लांब पळताना वाटेत काय खायचं? दुकानात मिळणाऱ्या महागड्या गोड वड्यांऐवजी बेदाणे घ्या. २०१२ साली कॅलिफोर्नियात पळणाऱ्यांवर याची चाचणी झाली. नुसतं पाणी पिणाऱ्यांपेक्षा बेदाणे खाणारे वेगात पळाले आणि त्या गोड वड्या खाणाऱ्यांच्या बरोबरीने. निफाड-पिंपळगावच्या द्राक्षांच्या गावात राहून आपण परदेशी पाकिटं का फोडावीत? तासभर पळल्यावर दर वीस मिनिटांनी लहान मूठभर बेदाणे आणि दोन घोट पाणी, वर चिमूटभर मीठ. बेदाणे मात्र आदल्या रात्री कोमट पाण्यात दोनदा धुऊन, फडक्यावर पसरून कोरडे करून घ्या. वाळवण्यापूर्वी द्राक्षं तेलाच्या आणि क्षाराच्या द्रावणात बुडवतात, आणि धूळ असते ती वेगळीच.